ऑनलाइन घेतलेलं जुनं नाणं परत करायची वेळ आली तर

आजोबांच्या पेटीतला एखादा राणीछाप कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया, हाती येतो, मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि पाहता पाहता पहिली ऑर्डर जाते. नाण्यांचा छंद असा लागलेली मुलंमुली आता विदर्भातल्या गावागावात भेटतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. काय घ्यावं हे त्यांना सांगणारे भरपूर आहेत. घेतलेलं नाणं परत कसं करायचं, पैसे कसे सोडवायचे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्यातही खेड्यातून नाणं परत करणं शहरातल्यापेक्षा अवघड. कुरिअर तालुक्याच्या पुढे येत नाही, परतीच्या पिकअपला आपला पिनकोड चालत नाही, आणि ॲपवरची सात दिवसांची मुदत काही आपल्यासाठी वाढत नाही. म्हणून या लेखात माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: वाद जिंकून देणारा पुरावा पैसे देण्याआधी आणि पाकीट फोडताना तयार होतो. तेव्हा जे राहून गेलं, ते नंतर कितीही भांडलं तरी मिळत नाही.

पैसे देण्याआधी

नाण्याच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. शीर्षक, पूर्ण वर्णन, दोन्ही बाजूंचे फोटो, किंमत, विक्रेत्याचं नाव आणि परतीची अट हे सगळं त्यात आलं पाहिजे. विक्री झाली की बरेच विक्रेते ते पान काढून टाकतात किंवा वर्णन बदलतात. मग "अस्सल चांदी" असं लिहिलं होतं हे तुम्ही दाखवणार कशावरून?

वर्णनातला शब्द न् शब्द वाचा. कोपऱ्यात कुठेतरी "टोकन", "रेप्लिका", "पूजेसाठी", "जसं आहे तसं" असं लिहिलेलं असतं. ते वाचून घेतलं असेल तर नंतर नाणं खोटं निघालं अशी तक्रार टिकत नाही. रामदरबार, हनुमान किंवा कमळ असलेली, १८१८ सालची म्हणून विकली जाणारी ईस्ट इंडिया कंपनीची नाणी तर सरळ सोडून द्या. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. त्यांना चमत्कारी म्हणणारा, तांदूळ ओढतात असं सांगणारा विक्रेता दिसला की तिथून निघायचं.

चांदीच्या रुपयासाठी एक हिशेब पाठ करून ठेवा. व्हिक्टोरिया राणी, एडवर्ड सातवा आणि पंचम जॉर्ज यांच्या काळातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी, म्हणजे ५.८ ग्रॅमच्या आसपास. १९४७ च्या रुपयात चांदी नाहीच, तो निकेलचा. त्या दिवशीचा चांदीचा भाव बघा आणि गुणाकार करा. नुसत्या चांदीच्या किमतीपेक्षा खूप कमी भावात कोणी राणीछाप रुपया देत असेल, तर त्याने तो का द्यावा याचं उत्तर तुम्हालाच शोधावं लागेल.

मग विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. फोटो याच नाण्याचा आहे का? वजन किती भरतं? नाणं घासलेलं, पॉलिश मारलेलं आहे का? दागिन्यातून काढलेलं, कडीचा डाग लावलेलं आहे का? आपल्याकडे कलदारांच्या माळा करायची जुनी रीत होती. अशा माळेतून सोडवलेल्या नाण्याच्या कडेला झाळकामाचा ठिपका राहतो आणि संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत खूप उतरते. प्रश्न ॲपच्या चॅटमध्येच विचारा. विक्रेता "फोनवर बोलू" म्हणाला तर बोला, पण नंतर चॅटवर लिहा: "आत्ता तुम्ही फोनवर सांगितलं की नाणं घासलेलं नाही, बरोबर ना?" त्याचं "हो" तिथे उमटलं पाहिजे.

पैसे कसे देता यावर पुढचं बरंच ठरतं. ॲपच्या आत कार्डाने किंवा यूपीआयने भरलेल्या पैशांसाठी तक्रारीची वाट असते. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे परत ओढून आणण्याची सोय, मागता येतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर बोली लावून एखाद्याच्या नंबरवर थेट पाठवलेले पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेले असतात, ते बँक सहसा ओढून आणू शकत नाही. पहिल्या वर्षभरात अनोळखी माणसाला थेट पैसे पाठवून नाणं घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅश ऑन डिलिव्हरीचा आधारही वाटतो तेवढा नसतो, कारण पाकीट उघडण्याआधीच पैसे द्यावे लागतात.

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलं नाणं घेत असाल तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या वेबसाइटवर टाकून पाहा. अनेक नाण्यांचे फोटो तिथे दिसतात. डब्यासुद्धा बनावट निघतात, म्हणून फोटोतल्या नाण्यावरचे ओरखडे विक्रेत्याच्या फोटोशी जुळतात का ते बघा. आणि बिल मागा, ते शेवटपर्यंत उपयोगी पडतं.

ओटीपी आणि तालुक्याचं पार्सल

ही अडचण शहरातल्या लेखांत सापडायची नाही. तालुक्याच्या गावाहून डिलिव्हरीवाल्याचा फोन येतो: "भाऊ, पार्सल आलं हाये तुमचं. ओटीपी सांगून द्या, मंग या कवाही घेऊन जा." पोरगा ओळखीचा असतो, त्याच्या मनात काही वाईट नसतं, त्यालाही दिवसाचे आकडे पूर्ण करायचे असतात. पण ओटीपी दिला की ॲपवर पार्सल पोहोचल्याची नोंद होते आणि परतीची मुदत त्या क्षणापासून मोजली जाते. तुम्ही बाजाराच्या दिवशी एसटीने जाऊन पार्सल आणेपर्यंत सातातले चार-पाच दिवस सरलेले असतात. पाकिटात नाणंच नसेल तरी नोंद "मिळालं" अशीच राहते.

पाकीट हातात आल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, एवढं नक्की ठरवा. त्याला नीट सांगा: "दादा, नाण्याचं पार्सल आहे, समोर आल्यावरच सांगतो." बहुतेक जण समजून घेतात. पत्ता देताना किराणा दुकान किंवा नातेवाइकाचं घर दिलं असेल, तर पाकीट फोडू नका असं त्यांना आधीच बजावून ठेवा.

विक्रेता पाठवण्याचा पर्याय देत असेल तर मी खेड्यासाठी स्पीड पोस्ट मागायला सांगेन. पोस्टमन घरापर्यंत येतो, आणि पावतीवर पाकिटाचं वजन छापलेलं असतं. जुनी रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, त्यामुळे "रजिस्टर एडी करा" असं सांगत बसण्यापेक्षा विमा उतरवलेलं स्पीड पोस्ट मागा. पाकीट फाटलेलं, पुन्हा चिकटवलेलं वाटलं तर सही करण्याआधी फोटो काढा आणि पोस्टमास्तरांसमोर उघडण्याची मागणी करा.

पाकीट फोडताना

व्हिडिओ काढायचा, आणि तो मध्ये न थांबवता. एकट्याने जमत नाही, घरातल्या कोणाला तरी मोबाईल धरायला सांगा. दिवसाउजेडी अंगणात किंवा खिडकीजवळ बसा. सुरुवात लेबलापासून: तुमचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव, बारकोड, वजन. मग पाकिटाच्या चारही बाजू आणि चिकटपट्टी. मग बंद पाकीट काट्यावर ठेवा. दागिन्यांच्या मापाचा, एका ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. नाणी घेणाऱ्याने पहिल्या नाण्याआधी तो घ्यावा. लेबलवर साठ ग्रॅम आणि तुमच्या काट्यावर पस्तीस भरले, तर त्या फरकाचा खुलासा विक्रेत्याला किंवा कुरिअरला द्यावा लागेल.

मग पाकीट फोडा, नाणं कडेने धरून बाहेर काढा, दोन्ही बाजू कॅमेऱ्याजवळ न्या, कड फिरवून दाखवा आणि काट्यावर ठेवा. इथपर्यंत व्हिडिओ चालू राहिला पाहिजे. मूळ फाइल मोबाईलमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत दबून अस्पष्ट होते, आणि ग्राहक आयोगापुढे किंवा पोलिसांपुढे जायची वेळ आली तर मूळ फाइलच मागितली जाते.

त्यानंतर निवांत बसून नाण्याचे जवळून फोटो काढा आणि त्याच्या खुणा वहीत लिहा: राणीच्या गालावर आडवा ओरखडा, सालाच्या शेवटच्या आकड्याखाली खड्डा, कडेला दोन दाते चेपलेले. कोणत्याही दोन वापरलेल्या नाण्यांवरच्या खुणा सारख्या नसतात. उद्या विक्रेता म्हणाला, "मी पाठवलेलं नाणं वेगळं होतं, तुम्ही बदललं," तर हीच वही तुमच्या बाजूने उभी राहते.

एक गोष्ट अजिबात करू नका: नाणं धुणं, चिंच लावणं, टूथपेस्टने घासणं. काळपट नाणं पाहिलं की आपल्या घरात पहिला सल्ला हाच मिळतो. घासलेलं नाणं परत घ्यायला विक्रेता नाही म्हणतो, आणि ते चूक आहे असं म्हणता येत नाही.

खरं की खोटं, घरी किती कळतं

लोहचुंबकाने सुरुवात करा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. चांदीचा म्हणून घेतलेला रुपया चुंबकाला चिकटला तर तो चांदीचा नाही, हे नक्की. चिकटला नाही म्हणून चांदीचा ठरत नाही, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही (तांबं, निकेल, जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) चिकटत नाहीत. उलट १९४७ चा निकेलचा रुपया खरा असूनही चिकटतो.

पाण्याची कसोटी जास्त बोलकी आहे. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला हलका पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोऱ्याची गाठ मारून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही, नाण्याला बुडबुडे चिकटू द्यायचे नाहीत. काट्यावर जो आकडा दिसेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. राणीछाप रुपयाचं उत्तर १०.३ च्या जवळपास यायला हवं. ११.६६ ग्रॅमच्या नाण्यात काटा सुमारे १.१३ दाखवतो. जर्मन सिल्व्हरचं असेल तर काटा १.३५ च्या आसपास जातो आणि भागाकार साडेआठ-पावणेनऊवर अडकतो. फरक एवढा मोठा आहे की हात थोडा हलला तरी लपत नाही. काम झालं की नाणं मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या, पुसू नका. हे फक्त सुट्या चांदीच्या नाण्यावर करायचं. तांब्याचं नाणं आणि सीलबंद डबीतलं नाणं पाण्यात घालायचं नाही.

भिंगाखाली कड पाहा. टांकसाळीत ठशाने पाडलेल्या नाण्याचे दाते एकसारखे आणि धारदार असतात. ओतून केलेल्या नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरं सुजल्यासारखी वाटतात.

तरीही चांदी खरी आणि नाणं खोटं, असं होऊ शकतं. दुर्मिळ सालांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार कमी मिळतो, म्हणून दुसऱ्या सालाचा आकडा कोरून बदललेली नाणी त्या नावाने विकायला येऊ शकतात. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपयाही असाच मागणीतला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीच नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून चित्र सुधारलं. अशा नाण्याबद्दल गावातल्या सोनाराचं मत पुरेसं नसतं. तो चांदीचा कस सांगेल, साल खरं की खोटं हे सांगणं त्याचं काम नाही. जाणत्या संग्राहकाला किंवा नाण्यांच्या प्रदर्शनातल्या मुरलेल्या व्यापाऱ्याला दाखवा, पण परतीची मुदत चालू असताना. शंका असेल तर आधी ॲपवर तक्रार नोंदवा आणि मग मत घ्यायला जा.

तक्रार कशाची करायची

नाणं बनावट आहे, फोटोतलं नाणं आलंच नाही, धातू किंवा साल वेगळं आहे, कडीचा डाग किंवा पॉलिश लपवलं आहे: या तक्रारी भक्कम. वर्णन आणि वस्तू शेजारी ठेवली की तिसऱ्या माणसालाही फरक दिसतो.

दर्जावरून होणारा वाद कमजोर. विक्रेत्याने "व्हेरी फाइन" लिहिलं, तुम्हाला ते त्याच्या खालच्या दर्जाचं वाटतं. यात दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही. फोटो स्पष्ट होते आणि नाणं तेच आलं असेल तर मी नव्या माणसाला हा वाद घालू नका असंच सांगेन. नियमात बसत असेल तर साधी परती मागा, टपालखर्च सोसा आणि पुढच्या वेळी फोटो मोठा करून बघा. लिलावात घेतलेल्या नाण्याचंही तसंच. बहुतेक लिलावसंस्था अस्सलपणाची जबाबदारी घेतात, दर्जावरून परत घेत नाहीत. अटी आधी वाचा.

ॲपवर कारण निवडताना "वर्णनाप्रमाणे नाही" हेच निवडा, ते खरं असेल तर. घाईत "आता नको आहे" निवडलं की परतीचा खर्च तुमच्या अंगावर येतो आणि पुढे नाणं बनावट होतं म्हणालात तर तुमचीच पहिली नोंद आडवी येते.

विक्रेत्याला पहिला निरोप

राग येतो, तो बाजूला ठेवा. "चोर", "फ्रॉड" असे शब्द लिहिले की समोरचा उत्तर देणं थांबवतो आणि वाचणाऱ्या तिऱ्हाइतालाही तुमची बाजू हलकी वाटते. साधारण असं लिहा:

"नमस्कार. आपल्याकडून घेतलेला १९०३ चा एडवर्ड सातवा एक रुपया मला आज मिळाला. वर्णनात चांदी आणि वजन ११.६६ ग्रॅम लिहिलं होतं. नाण्याचं वजन ९.८२ ग्रॅम भरलं आणि कडेला ओतकामाची रेघ आहे. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ, वजनाचे आणि कडेचे फोटो सोबत पाठवत आहे. नाणं आहे त्याच स्थितीत ठेवलं आहे. ते वर्णनाप्रमाणे नसल्यामुळे पूर्ण रक्कम आणि परतीचा टपालखर्च मिळावा. दोन दिवसांत परतीचा पत्ता कळवावा."

ऑर्डर क्रमांक वर टाका. विक्रेता बाहेरच्या राज्यातला असेल तर हेच हिंदीत लिहा. हा निरोप पाठवला त्याच दिवशी ॲपवरही तक्रार नोंदवा. "आधी आपण आपसात मिटवू, ॲपवर टाकू नका" असं विक्रेता म्हणेल, आणि त्याचा हेतू चांगलाही असेल. पण मुदत संपल्यावर त्याने फोन उचलला नाही तर तुमच्या हातात काही उरत नाही. अर्धे पैसे परत देऊन नाणं तुमच्याकडेच ठेवा असा प्रस्ताव आला तर नीट विचार करा. घासलेल्या पण खऱ्या नाण्यासाठी तो बरा असतो. बनावट नाण्यासाठी तो मी घेणार नाही, कारण ते नाणं पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडतं.

नाणं परत पाठवणं

पिकअप मिळत नसेल तर ॲपच्या मदत विभागाला तसं लिहून द्या: "माझ्या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही, मी स्वतः पाठवायला तयार आहे, खर्चाची मंजुरी द्या." लेखी मंजुरी आल्याशिवाय नाणं हलवू नका. पत्ता ॲपने दिलेलाच घ्या, विक्रेत्याने फोनवर सांगितलेला दुसरा पत्ता नको.

नाणं प्लास्टिकच्या डबीत किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीत, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, आत सरकणार नाही असं बांधा. बांधतानाही व्हिडिओ काढा. त्यात वहीतल्या त्याच खुणा दिसू द्या. तालुक्याच्या पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा, नाण्याच्या किमतीचा विमा उतरवा, पावतीचा लगेच फोटो काढा, कारण तो कागद उन्हात आणि खिशात पुसट होत जातो. खासगी कुरिअरने पाठवायचं असेल तर आधी विचारा. अनेक कंपन्यांच्या अटींत नाणी आणि मौल्यवान धातू बसत नाहीत, आणि "गिफ्ट" लिहून पाठवलेलं नाणं हरवलं तर भरपाई मागायला तोंड राहत नाही. पोस्टात पाकीट अडकलं तर १८०० २६६ ६८६८ हा टपाल खात्याचा निःशुल्क क्रमांक आहे.

विक्रेता दाद देत नसेल तर

"संग्रहाच्या वस्तू परत घेतल्या जाणार नाहीत" हे वाक्य पाहून नवी मंडळी गप्प बसतात. गप्प बसायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. कस्टमर केअरशी चॅट करत आठवडे घालवण्यापेक्षा या अधिकाऱ्याला ईमेल करा.

हे नियम धंदा म्हणून विकणाऱ्यांना लागू आहेत. फेसबुकवर आपल्याकडचं एखादं नाणं वैयक्तिक म्हणून विकणाऱ्याला ते लागत नाहीत. अनोळखी माणसाशी थेट व्यवहार नको, असं वर म्हटलं त्याचं हेही एक कारण.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळतो, आणि हेल्पलाइनकडून विचारणा गेली की बऱ्याच कंपन्या हलतात. तरीही झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय अशी की तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता जयपूरचा असो की कोलकात्याचा, तुम्ही यवतमाळ, वाशिम किंवा गडचिरोलीच्या आयोगात जाऊ शकता. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते, ई-जागृती पोर्टलवर ती ऑनलाइन भरता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. वेळ मात्र जातो. तीन-चारशे रुपयांच्या नाण्यासाठी मी हेल्पलाइनवर थांबेन, काही हजारांचा प्रश्न असेल तर आयोगात जाईन.

तक्रार लिहिताना छंदासाठी, संग्रहासाठी घेतलं हे खरं असेल तर स्पष्ट लिहा. पुन्हा विकून नफा कमवायला घेतलेल्या वस्तूसाठी कायद्याने तुम्ही ग्राहक ठरत नाही. "दुप्पट किमतीत विकणार होतो" असं एक वाक्य विक्रेत्याशी चॅटमध्ये लिहिलेलं असेल तर तेच समोरचा वकील पुढे करतो.

पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला, नंबर बंद, खातं बंद, तर हा परतीचा वाद राहिला नाही, ही फसवणूक झाली. तेव्हा ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच मिळतात, त्यामुळे इथे तासांचा हिशेब आहे, दिवसांचा नाही. सोबत आपल्या बँकेलाही कळवा. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते, माहितीसाठी १४४४८.

याच काळात दुसरी धाड पडते. "रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा", "हे ॲप टाका, मी स्क्रीन पाहतो" असे फोन येतात. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तो ॲपच्या आतूनच घ्या. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांत विकून देतो, आधी नोंदणी फी भरा, असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगणारेही आहेत. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क मागत नाही.

दोन ठिकाणी परतीची वाटच नाही

परदेशी वेबसाइटवर जुनी भारतीय नाणी पाहून मोह होतो, एलिचपूर म्हणजे आपल्या अचलपूरच्या टांकसाळीतला मुघल रुपया तिथे दिसला तर वऱ्हाडी माणसाला राहवत नाही. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणं खोटं आहे असं वाटलं म्हणून ते पोस्टाने परत करायला गेलात आणि ते खरंच जुनं निघालं, तर कायदा तुम्ही मोडलेला असेल. परदेशी विक्रेत्याची "तीस दिवसांत परत" ही हमी शंभर वर्षं ओलांडलेल्या नाण्यापुरती आपल्या कामाची नाही. असं काही आधीच घेऊन बसला असाल तर त्या वेबसाइटला ही कायदेशीर अडचण लिहून कळवा आणि नाणं न पाठवता पैसे मागा.

दुसरं, शेतात सापडलेलं म्हणून विकलं जाणारं नाणं. विदर्भाच्या मातीत नाणी सापडतात, हे खरं आहे. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सापडलेला सातवाहन नाण्यांचा साठा इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी अभ्यासला आणि त्यातून सातवाहन राजांच्या इतिहासाला नवी माहिती मिळाली. तो साठा अभ्यासकांपर्यंत पोहोचला म्हणूनच हे घडलं. १८७८ च्या निखात निधी कायद्याने असं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. "नांगरताना मडकं लागलं, गुपचूप घ्या" म्हणणाऱ्याकडून घेतलेलं नाणं खोटं निघालं तर तक्रार कुठे नेणार? आणि खरं निघालं तर अडचण त्याहून मोठी.

तक्रार चालू असेपर्यंत

नाणं वेगळ्या पाकिटात ठेवा, पाकिटावर ऑर्डर क्रमांक आणि तारीख लिहा. संग्रहाच्या अल्बममध्ये मिसळू नका, कोणाला देऊ नका, विकू तर नकाच. पातळ मऊ पीव्हीसीच्या पाकिटात महिनोन् महिने ठेवलं तर नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि मग ते "आहे त्याच स्थितीत" राहत नाही, म्हणून साधी कागदी पुडी किंवा पुठ्ठ्याची चौकट बरी. स्क्रीनशॉट, व्हिडिओ, बिल, पावत्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर टाका.

ॲपकडून "तुमची तक्रार सुटली का?" असा निरोप येतो. रिफंड मंजूर झाला म्हणजे पैसे आले असं नाही. बँकेच्या पासबुकात किंवा खात्याच्या नोंदीत रक्कम जमा दिसल्यावरच "हो" दाबा, आणि १९१५ वर नोंदवलेली तक्रारही तेव्हाच बंद करायला सांगा.